प्रार्थनेपुरता अंधार

१

शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहाच्या खिडक्यांवर चटया टांगल्या जात, आणि मग गावातली माणसे सैतान पाहायला येत.

हे वाक्य पाळक उएलेसे यांच्यासमोर कुणी उच्चारले असते, तर त्यांनी ते तिथल्या तिथे दुरुस्त केले असते. त्यांच्या मते लोक येत ते सैतानाचा पराभव पाहायला. सामोआतल्या त्या किनाऱ्यावरच्या गावात दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाला त्यांची परवानगी नव्हती. प्रेमकथा नकोत, कारण भाऊ आणि बहीण एका छपराखाली बसून तसले काही पाहत नाहीत. मारामारीचे नकोत, कारण दुसऱ्या दिवशी पोरे शेजारच्या गावाशी कुरापत काढतात. परंतु ज्यात एखादीच्या अंगात अशुद्ध आत्मा शिरतो, धर्मगुरू येतो आणि प्रार्थनेच्या बळावर त्याला घालवतो, असे चित्रपट त्यांना चालत. चालत म्हणणेही अपुरे आहे. ते स्वतः पहिल्या रांगेत बसत.

"ज्याचा विश्वास नाही त्याला हा जत्रेतला पाळणा," ते म्हणत. "पोटात गोळा येतो, खाली उतरलं की संपलं. आपल्यासाठी ही साक्ष आहे."

त्यांची मुलगी तौसागा ऑकलंडच्या विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहीत होती: श्रद्धावान माणूस असे चित्रपट कसे पाहतो. त्यासाठीच ती काही महिने घरी आली होती, आणि वडिलांचे म्हणणे तिला अजिबात पटत नव्हते.

"बाबा, कॅमेरा कुणाचे लाड करतो ते बघा जरा. देवाच्या वाट्याला काय? एक लाकडी क्रूस आणि घामाघूम झालेला म्हातारा. चांगली वाक्यं सगळी सैतानाला."

"बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकातही सैतानाला वाक्यं आहेत."

"तिथे देव उत्तर देतो."

"इथेही देतो. तू शेवटपर्यंत बसत जा. अर्ध्यातून उठून जायचं आणि मग प्रबंध लिहायचा!"

आई गेल्यापासून बापलेकीत हे असेच चालले होते. विषय तेवढे बदलत. दिवसभरात ती दोघे भांडत नसत अशी वेळ एकच होती. संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजे, गावचे तरुण रस्त्याच्या कडेला बसून येणाराजाणारा अडवत, प्रत्येक घरात स्तोत्र सुरू होई, आणि मग बाबा प्रार्थना करत. मिटलेल्या पापण्यांमागच्या त्या अंधारात तौसागाला आई, बाबा, देव आणि स्वतःचे लहानपण यांत फरक करता येत नसे. विद्यापीठात तिने बऱ्याच गोष्टी सोडल्या होत्या. ही वेळ सोडलेली नव्हती, आणि ती सुटली तर आपण नेमक्या कुणाच्या उरू, हे तिला ठाऊक नव्हते.

२

गावाचा एक लाडका चित्रपट होता. दर महिन्याला त्याची मागणी होई आणि दर महिन्याला त्याच विनोदांसह तो पाहिला जाई. "पाणी शिंपडून सैतान पळत असता," म्हातारा मंडळीप्रमुख फालेउपोलू दर वेळी म्हणे, "तर आपल्या पावसात इथं एकसुद्धा उरला नसता!" गाव प्रोटेस्टंट; पवित्र पाण्यावर ते मनमुराद हसे.

हसणे थांबे ते शेवटच्या प्रसंगाला. पडद्यावरचा धर्मगुरू पलंगापाशी गुडघे टेकून "आकाशातील आमच्या पित्या" म्हणू लागला, की सगळे सभागृह माना खाली घालून डोळे मिटत असे. आया लेकरांच्या डोळ्यांवर हात ठेवत. कुणी प्रार्थना सुरू केली की डोळे मिटायचे, हे या बेटावर चालायला लागण्याआधी शिकवले जाते. प्रार्थना करणारा खरा आहे की नट, हा प्रश्न पापण्यांपर्यंत पोहोचतच नाही. पडद्यावर किंचाळ्या चालू असत, लाकूड मोडत असे, आणि त्या आवाजांत गाव शांतपणे, मान लववून, आमेनची वाट पाहत असे.

म्हणजे ज्या प्रसंगासाठी तो चित्रपट सगळीकडे वाखाणला गेला, तो या गावाने पाहिलेलाच नव्हता. हे लक्षात आले तेव्हा तौसागाला प्रबंधाचा गाभा सापडल्यासारखे वाटले. स्वतः तिनेही डोळे मिटले होते, हे तिला नंतर आठवले, आणि त्याचा तिला राग आला.

पुढच्या खेळाला तिने पडद्याशेजारी, लोकांकडे तोंड करून खुर्ची मांडली. प्रार्थना सुरू झाली. पाळकाच्या मुलीच्या पापण्या; त्या उघड्या ठेवायला तिला नखे तळहातात रुतवावी लागली. समोर वाऱ्याने आडव्या पडलेल्या गवतासारख्या माना. बाबांची मान. फालेउपोलूची मान. पडद्याचा निळसर उजेड सगळ्यांच्या केसांवरून सरकत होता.

मागच्या खांबापाशी एक मान ताठ होती.

तिथे उजेड पुरेसा पोहोचत नव्हता. चेहरा असा दिसला नाही. डोळ्यांच्या जागी दोन ओलसर ठिपके तेवढे दिसले. ते पडद्याकडे वळलेले नव्हते. तिच्याकडे होते. आणि खाली, जिथे तोंड असावे तिथे, काहीतरी सतत हलत होते, जसे पाठ असलेले म्हणताना हलते.

मग आमेन झाले, सगळ्या माना एकदम वर आल्या, आणि ती एक मान त्यांत मिसळून गेली.

३

खांबापाशी आत्या बसली होती, एवढे तिला नक्की आठवत होते. आत्या सेउला म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तिच्याच हातात होते. ती मागच्या अंगणात भाजलेल्या नीरफणसाची काळी साल खरवडत होती.

"आत्या, परवा प्रार्थनेच्या वेळी तुझे डोळे उघडे होते का गं?"

सुरी थांबली. "काय म्हणालीस?"

"रागावू नकोस. अभ्यासासाठी विचारते."

"तुझे मिटलेले असते, तर माझे उघडे कसे दिसले असते गं तुला?"

तौसागाने खाली पडलेली साल उचलून बाजूला टाकली.

"पाळकाच्या घरात वाढलीस, नि प्रार्थनेत माणसं बघत बसतेस," आत्या म्हणाली. "तुझ्या आईने ऐकलं असतं तर पुन्हा मेली असती. एवढी फी भरून हेच शिकवतात वाटतं तिकडे?"

"मागे आणखी कोण बसलं होतं, तेवढं सांग."

"माझ्या मागे भिंत होती. जा आता. आणि हे बाहेर बोलू नकोस, तुझ्या बापाचं ताट या गावातून येतं."

असे म्हणूनही आत्यानेच ते बाहेर सांगितले. संध्याकाळपर्यंत विहिरीवरच्या बायका तौसागाला पाहून बोलणे थांबवू लागल्या.

४

तिने स्वतःला समजावले. पडद्याचा उजेड, घामेजलेले कपाळ, जागरण. एकाग्र झालेला निरीक्षक जे शोधतो ते त्याला दिसू लागते, हे तिने स्वतःच एका टिपणात लिहिले होते. पडताळणी करणे एवढाच मार्ग होता.

प्रोजेक्टर चालवायचे काम आत्याचा मुलगा पेसामिनो करी. तिशीतला, विजेची कामे करणारा, जिभेला हाड नसलेला माणूस. भर दुपारी त्याने तिला रिकाम्या सभागृहात तो प्रसंग लावून दिला, आणि प्रार्थना सुरू होताच मान खाली घालून डोळे मिटले.

"पेसामिनो, इथे कुणी नाहीये."

"असू दे ना. देव कुठल्या तोंडून बोलेल सांगता येतं का? तू बघ तुझं, ताई. तुझा तर नरकातही अभ्यास होईल."

तिने पाहिले. पलंग, मुलगी, धर्मगुरू, रंगवलेल्या जखमा. चांगले बेतलेले, काहीसे भडक. मागच्या खांबापाशी नुसत्या रचलेल्या खुर्च्या. धर्मगुरूने आमेन म्हटले आणि प्रसंग संपला.

"झालं?" तिने विचारले.

"झालं."

"काही कापलंयस का मधलं?"

"मी कशाला कापू?"

"सगळे असतात तेव्हा ही प्रार्थना किती लांब चालते! लेकरं रडायला लागतात. फालेउपोलूचे पाय आखडतात."

पेसामिनो वायर गुंडाळत होता. "हो. माणसं असली की जास्त चालते."

तो ते इतक्या सहजपणे म्हणाला, की क्षणभर तिलाही त्यात वावगे काही वाटले नाही.

"म्हणजे काय, जास्त चालते?"

"म्हणजे जास्त चालते. मी डोळे मिटतो, आमेन ऐकलं की उघडतो. तोवर इथं चित्रपट पुढे गेलेला असतो कधीकधी. पडद्यावर शेवटची नावं पळत असतात, नटांची नि कामगारांची. मला वाटलं, पाळकमामा त्यात आपली थोडी घालत असतील. आवाज तर त्यांचाच असतो शेवटी शेवटी."

"आणि बाबांना कधी विचारलंस?"

"प्रार्थना लांबली म्हणून पाळकाला जाब विचारू?" पेसामिनो हसला, पण तिच्याकडे पाहून त्याचे हसणे अर्ध्यावर राहिले. "ताई, हे बघ. ज्यात तुझा विश्वास नाही, त्यात नाक कशाला खुपसतेस? घाबरायचं असेल तर आमच्यासारखं घाबर. डोळे मिटून."

५

त्याच संध्याकाळी शंख वाजला. रस्ता थांबला. स्तोत्र झाले, शास्त्रपाठ झाला, आणि बाबांनी मान लववली.

तौसागाने डोळे मिटले. तिला ते मिटायचेच होते. पण पापण्यांमागे तो जुना अंधार नव्हता. नुसताच अंधार होता, आणि त्यात कुणीतरी ताठ मानेने बसले आहे असे तिला वाटत राहिले. बाबांचा आवाज आजाऱ्यांसाठी, समुद्रावर गेलेल्यांसाठी, विधवांसाठी मागत होता. शब्द ओळखीचे होते. नंतर ते तितकेसे ओळखीचे राहिले नाहीत. आवाज कृपा मागत नव्हता. तो गावातल्या माणसांची नावे घेत होता, एकामागून एक, आणि प्रत्येक नावानंतर थोडे थांबत होता, जणू कुणी ओ देते का ते पाहत होता.

तिने डोळे उघडले.

आत्याची मान लवलेली. पेसामिनोची लवलेली. बाबा चटईवर मांडी घालून, हात जुळवून, डोळे मिटून बसलेले.

बाबांचे ओठ बंद होते.

ते घट्ट बंद होते, दुसऱ्याची प्रार्थना ऐकणाऱ्या माणसाचे असतात तसे. आणि आवाज चालू होता. तो त्यांचाच होता, घोगरा, किंचित अनुनासिक, आणि तो त्यांच्या दिशेने येत नव्हता. तौसागाने मान वळवून आपल्या पाठीमागची, कुणी न बसलेली बाजू पाहिली असती तर कदाचित काही दिसलेही असते. तिची मान वळली नाही. तिने जिवाच्या आकांताने तेवढेच केले जे तिला येत होते.

"आमेन!"

आवाज तुटला. तिघांनी डोळे उघडले.

"मी अजून संपवलं नव्हतं," बाबा म्हणाले.

"बाबा, तुमचे ओठ मिटलेले होते."

"काय?"

"तुम्ही बोलत नव्हता. शपथेवर सांगते. तुम्हीसुद्धा ऐकत होता."

बाबांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेले. ते आश्चर्य नव्हते. एखाद्याला खूप दिवसांची शंका दुसऱ्याच्या तोंडून ऐकू यावी, तसे काहीसे ते होते, आणि त्याच्या मागोमाग लगेच राग आला.

"पाहिलंत?" आत्या म्हणाली. "आता घरच्या प्रार्थनेतही."

"उद्याचा खेळ बंद करा, बाबा. नाहीतर लोकांना सांगा, डोळे उघडे ठेवा म्हणून."

"अख्ख्या गावाला सांगू? प्रार्थनेत डोळे उघडे ठेवा? मी?" ते उठून उभे राहिले. "आज मंडळीप्रमुख येऊन गेले माझ्याकडे. तुमची मुलगी प्रार्थनेत आमची तोंडं न्याहाळते, म्हणाले. सात पिढ्यांच्या देवभीरू लोकांना तू भिंगाखाली धरलंस, आणि आता तुला त्यात किडे दिसायला लागले! तो चित्रपट सैतानाचे लाड करतो म्हणत होतीस ना? तो आम्ही पाहतच नाही. तू पाहतेस. डोळे उघडे ठेवून, एकटी. मग तो कुणाच्या मागे लागेल?"

तिला रडू आले, कारण ते क्रूर होते, आणि कारण त्यात तर्काची चूक काढता येत नव्हती.

"खेळ होणार नाही उद्या," बाबा आवाज उतरवून म्हणाले. "तो मी बंद केला. पण रविवारी तू पहिल्या रांगेत बसायचंस, सगळ्यांसमोर, आणि डोळे मिटायचेस. नाहीतर या घराचं इथं काही राहणार नाही."

६

खेळ बंद केला, हे त्यांनी का केले, त्याचा विचार तौसागा दोन दिवस करत होती. तिच्यावर विश्वास नसता, तर बंद करण्याचे कारण नव्हते.

रविवारी चर्च पांढरेशुभ्र होते. पांढरे झगे, पांढऱ्या टोप्या, खळ घातलेले पांढरे कोट. पहिल्या रांगेतल्या बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी ठेवलेली होती. तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हते. मागे फालेउपोलू घसा साफ करत होता. दारांतून भर उजेड येत होता आणि उमूतल्या, जेवण भाजायच्या दगडी भट्टीतल्या, तापल्या दगडांचा वास. एवढ्या उजेडात काही होऊ शकत नाही, असे तिने स्वतःला सांगितले, आणि स्वतःचे ते ऐकलेही.

बाबा व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. उपदेश लहान झाला. त्यांची नजर तिच्यावर आली, आणि तीत आज्ञा नव्हती. विनंती होती.

"आपण प्रार्थना करू."

शेकडो माना लवल्या. तौसागाने डोळे मिटले.

आणि तो अंधार होता. तोच, लहानपणीचा. बाबांचा आवाज वरून, दुरून, पुरासारखा येत होता, आणि तिला वाटले, आपण किती मूर्ख. थकवा होता, दुःख होते, अभ्यासाचा ताण होता. आजाऱ्यांसाठी मागणे झाले. समुद्रावर गेलेल्यांसाठी झाले. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागले आणि तिने ते पुसले नाही. विधवांसाठी झाले. कितीतरी दिवसांनी तिला आई नुसती आठवली नाही, जाणवली.

आवाज चालूच राहिला.

त्याने पहिले नाव घेतले आणि थांबला. दुसरे घेतले आणि थांबला. मागे एक लेकरू कुरकुरले, आईने त्याला दाबून धरल्याचे ऐकू आले. तिसरे नाव. ही मंडळीच्या कुटुंबांची नावे आहेत, तिने स्वतःला सांगितले, पाळक ती घेतातच. चौथे. आता डोळे उघडले तर सगळे गाव बघेल, बाबांचे सगळे जाईल; आणि नाही उघडले, तर नावे तिच्यापर्यंत येतील.

तिच्या डाव्या बाजूचा बाक हलकेच करकरला. कुणीतरी येऊन बसले होते.

एक हात तिच्या हातावर आला. कोरडा, मोठा. खळीच्या कोटाची बाही तिच्या मनगटाला घासली.

"तौसा." अगदी कानाशी. घोगरा, किंचित अनुनासिक. "डोळे उघडू नकोस. मी केव्हाच आमेन म्हटलंय."

वर व्यासपीठावर बाबांचा आवाज पुढचे नाव घेत होता.

दोन्ही आवाज बाबांचे होते. एक तिचा हात धरून होता आणि एक गावासाठी मागत होता, आणि या दोहोंतला आपला कुठला, हे केवळ पाहून सांगता आले असते. पाहायला ती आयुष्यभर शिकली होती. तिने पापण्या इतक्या आवळल्या की आत लाल ठिणग्या उडाल्या.

"मलाही दिसत होतं," शेजारचा आवाज म्हणाला. "आधीपासून. मी तुझ्यावर उगाच रागावलो गं."

व्यासपीठावरचा आवाज नावाच्या मध्यावर थांबला.

आमेन झाले नव्हते, म्हणून कुणी मान वर केली नाही. कुणी खोकले नाही. लेकरूसुद्धा गप्प झाले. मग व्यासपीठाच्या लाकडी पायरीवर एक पाऊल पडले, आणि त्याखालच्या पायरीवर दुसरे. तौसागाच्या हातावरचा हात घट्ट झाला, आणि सगळे गाव डोळे मिटून वाट पाहत राहिले.